थर्ड ऑर्डरची माझी दोन वर्षं

मी वसईचा, रोजचा चर्चगेट लोकलवाला माणूस. सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डरमध्ये, म्हणजे संसारात राहून संत फ्रान्सिसच्या वाटेने जगणाऱ्या कॅथलिक लोकांच्या संघात (आमची जुनी माणसं त्याला अजून थर्ड ऑर्डर म्हणतात), प्रोफेशन करून, म्हणजे तसं जगायचा शब्द देऊन, आता वर्ष झालं. दोघातिघांनी विचारलं की तिथे नक्की करतात काय, म्हणून लिहितोय.

प्रोसेस आधी सांगून टाकतो. पहिले काही महिने नुसतं मीटिंगला येऊन बसायचं, मग अ‍ॅडमिशन, मग कमीत कमी एक वर्ष फॉर्मेशन म्हणजे तयारी आणि मग प्रोफेशन, ते आयुष्यभरासाठी. नोकरी, बायको-मुलं सगळं आहे तसंच राहतं, झगाबिगा काही नाही, गळ्यात लाकडी टाव क्रूस (T अक्षरासारखा) एवढंच. मला दोन वर्षं लागली कारण मध्ये मी रुसून बसलो होतो, ते पुढे येईल.

मला वाटलेलं फादर शिकवणार आणि आपण ऐकणार. लहानपणापासून तीच सवय ना, आणि खरं सांगायचं तर उपदेशाच्या वेळी मी चर्चबाहेर बाईकवर टेकून उभा राहणाऱ्यांतला. इथे बघतो तर फादर (कॅपुचिन या फ्रान्सिस्कन शाखेचे, आमचे स्पिरिच्युअल असिस्टंट म्हणजे आध्यात्मिक सोबती) मागच्या बाकावर आणि मीटिंग चालवतायत आमच्या मिनिस्टर, म्हणजे गटाच्या प्रमुख, एक रिटायर्ड शिक्षिका, आम्हीच निवडून दिलेल्या. फादर कौन्सिलवर (गटाच्या कार्यकारिणीवर) असतात पण इलेक्शनला आणि पैशाच्या विषयात मत देत नाहीत, ऑर्डरच्या घटनेतच तसं आहे. कोणी प्रश्न घेऊन त्यांच्याकडे वळलं की म्हणायचे, अरे आपला गोन्सालो गार्सिया वसईचा, आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन, १५९७ ला नागासाकीला क्रुसावर गेला, संत झाला, पण शेवटपर्यंत ब्रदरच, म्हणजे मठातला साधा बंधूच होता, फादर नव्हे, मग तुम्ही माझ्या तोंडाकडे काय बघताय?

खरं काम व्हायचं ते महिन्यातून एकदा, फादरांसोबत एकेकाला अर्धा तास. आमची जी नियमावली आहे, १९७८ साली पोप सहावे पॉल यांनी मंजूर केलेली, तिच्यात शुभवर्तमानातून (बायबलातल्या येशूच्या चरित्रातून) जीवनात आणि जीवनातून शुभवर्तमानात जा असं आहे. फादर त्यावरून एवढंच विचारायचे, या महिन्यात कुठलं वचन अडलं? मी तीन महिने काहीतरी गोडगोड सांगून वेळ मारून नेली, चौथ्या महिन्यात तोंडातून निघून गेलं की मत्तयच्या शुभवर्तमानातलं, पाचव्या अध्यायातलं, अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, ते अडतंय. कारण वडिलांच्या वाडीवरून भावाशी माझं सहा वर्षं बोलणं नाही. त्याला बिल्डरला द्यायची होती, मला नाही.

वाटलं आता म्हणतील माफ कर, प्रार्थना कर. ते म्हणाले, "तुझ्या भावाचं म्हणणं काय आहे ते मला सांग, तो जसा सांगेल तसं."

मला दोन वाक्यांपुढे सांगता येईना. इतका राग आला की चार महिने गेलोच नाही, म्हटलं मी इथे देवासाठी आलोय, वाडीचा हिशोब द्यायला नाही. फादर या काळात एकदा घरी आले, बोंबलाचं कालवण जेवले, पोरांशी क्रिकेटवर बोलले आणि गेले. विषयच नाही काढला. तेच जास्त लागलं.

शेवटी एका रविवारी मीच भावाकडे गेलो आणि त्याला म्हटलं, तुझं काय ते सगळं बोल, मी मध्ये बोलणार नाही. त्याच्या मुलीच्या आजारपणातलं कर्ज मला माहीतच नव्हतं! वाडीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, वकील दोघांचे चालूच आहेत, पण आता फोन तरी होतो.

प्रोफेशन मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत झालं. तिथेही शब्द स्वीकारतात मिनिस्टर, फादर साक्षीदार. भाऊ आला नाही, पण संध्याकाळी पुतण्याच्या हातून सुकेळी पाठवली, पानात बांधलेली.

फादरांची गेल्या महिन्यात बदली झाली. नवीन तरुण फादर पहिल्याच मीटिंगला पाऊण तास बोलले, चांगलंच बोलले, मग आमच्या मिनिस्टरबाईंनी त्यांच्यासाठी मागच्या बाकावर खुर्ची सरकवली.