आमची वाटचाल : अंबडच्या गाळ्यापासून फॉर्म बी पर्यंत

आमच्या नातेवाईकांना अजून वाटतं की आम्ही आग विझवायचे लाल सिलिंडर भरून देतो, बस. सुरुवात तिथूनच झाली हे खरंय. नाशिकला अंबड एमआयडीसीत भाड्याचा गाळा, त्यात एक नायट्रोजनचा बाटला, पावडर भरायचं फनेल, वजनकाटा, पाइप व्हाइस आणि हायड्रो टेस्टचा, म्हणजे सिलिंडर पाण्याच्या दाबानं तपासायचा हातपंप. तो हातपंप अजून आहे, मोटरवाला घेतला तरी मी तो काढलेला नाही. कंपनीतली मेंटेनन्सची नोकरी सोडून मी यात पडलो तेव्हा मला रिफिलिंगपुरतंच येत होतं, खरं काम शिकवलं ते दादांनी.

दादा फायर ब्रिगेडमधून रिटायर होऊन आमचे पार्टनर झाले. पैसे थोडे घातले, पण अनुभव सगळा आणला. पंप रूममध्ये शिरले की आधी पॅनलवरचा सिलेक्टर बघायचे, ऑटोला आहे का. बऱ्याच सोसायट्यांत तो ऑफला असतो, कारण तुम्हाला माहितीच आहे, जमिनीखालची लाइन कुठंतरी गळत असते, प्रेशर उतरलं की जॉकी, म्हणजे लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद होतो, लाइटबिल वाढतं, कमिटी ओरडते, मग वॉचमन सिलेक्टर फिरवून टाकतो आणि गळती तशीच राहते. त्यानंतर दादा टेरेसवर जाऊन सगळ्यात लांबचा हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचा पाण्याचा नळ, उघडायला लावायचे, तिथं साडेतीन किलो प्रेशर मिळतं का बघायचे. खाली गेजवर सात दिसतंय असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, गेज अडकलेलं असतं रे, पाणी बघ. डिझेल इंजिन तर सेल्फ मारून चालू झाल्याशिवाय ते तिथून हलायचेच नाहीत, कारण त्याची बॅटरी उतरलेली असणं ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट.

१४ एप्रिलला ते गाळ्यातलं काम थांबवून पोरांना उभं करायचे. १९४४ साली मुंबईच्या डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, ६६ फायरमन गेले, म्हणून तेव्हापासून त्या तारखेला फायर सर्व्हिस वीक सुरू होतो. नवीन पोरगं आलं की त्याला हे दादांकडूनच कळायचं, आता मी सांगतो.

मग २००६ चा महाराष्ट्राचा फायर ॲक्ट आला, लायसन्स एजन्सी, सिस्टम नियमाप्रमाणे बसवली याचा दाखला म्हणजे फॉर्म ए, आणि ती चालू स्थितीत आहे याचा दाखला म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैला. आम्ही लायसन्स काढलं, हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्मची कामं घ्यायला लागलो, चांगली वर्षं गेली.

डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्सची आग लागली, १४ माणसं गेली, आणि सगळ्यांना एकदम फायरचा कागद हवा झाला. कागद म्हणतोय मी, सिस्टम नाही. आमच्याकडंच थ्रेडिंग, म्हणजे पाइपला आटे पाडायला शिकलेला एक जण तोवर स्वतःची एजन्सी काढून बसला होता, त्यानं चालू केलं, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा आणि फॉर्म बी घ्या. रेट आमच्या चौथाई. साइटवर माणूस नाही, पंपाला हात नाही. एकामागून एक सोसायट्या गेल्या. एक चेअरमन मला तोंडावर म्हणाले, साहेब तुमचं पण लायसन्स त्याचं पण लायसन्स, मग तुम्हाला जास्त कशाला द्यायचे? मी सांगून थकलो की आमची दोन माणसं अर्धा दिवस तिथं असतात, एकेक मजला फिरतात, आम्ही सही करतो म्हणजे आग लागली तर पाणी येईल असं लिहून देतो. हे त्यांना पटलं नाही आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच सुमारास एका बिल्डरनं आमचं शेवटचं बिल आणि रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून मागं ठेवलेली रक्कम, दोन्ही अडकवलं. कमर्शियल कॉम्प्लेक्स होतं, सगळी सी क्लास म्हणजे जाड पाइप, माल मी उधारीवर उचललेला. आमच्या फॉर्म ए वर त्याला फायरची फायनल एनओसी मिळाली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलायचा बंद. पाइपवाला गाळ्यात येऊन बसायला लागला. शेवटी पाइपला खाच पाडायचं ग्रूव्हिंग मशीन विकावं लागलं, आणि ते मध्ये माणूस घालून कोणी घेतलं असेल तर त्या फोटोवर फॉर्म बी देणाऱ्यानंच. दादा तेव्हा आजारी होते, तरी निरोप पाठवला, माझा हिस्सा राहू दे, आधी पोरांचा पगार कर. पुढं ते गेले. हिशोबात त्यांचं नाव मी अजून काढलेलं नाही, त्यांच्या घरी त्यांचा वाटा जातो.

त्या काळात टिकल्या त्या गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी बाई. रिटायर्ड शिक्षिका. जनरल बॉडीत स्वस्तवाल्याचा माणूस कोटेशन घेऊन आला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, आमच्या डिझेल इंजिनची बॅटरी कुठं ठेवलीय ते दाखवा. त्याला पंप रूमच माहीत नव्हती. बाईंनी एक वही केलीय, कुठल्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे, त्यांना खाली कोण आणणार, टेरेसची चावी कोणाकडं, खाली जमायचं कुठं. रेफ्युज एरियातलं, म्हणजे आगीत माणसांनी थांबायच्या मोकळ्या जागेतलं, टेबल टेनिसचं टेबल त्यांनीच हलवायला लावलं. माझ्या मते ती वही म्हणजेच इमर्जन्सी प्लॅन, भिंतीवर फ्रेम करून लावलेला नकाशा नंतर.

एका मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्या मीटर रूममध्ये शॉर्ट सर्किट झालं. वॉचमननं मेन स्विच पाडला, सीओटूचा सिलिंडर मारला, पाणी मारलं नाही कारण ड्रिलमध्ये तेच घोकून घेतलं होतं. इलेक्ट्रिक डक्ट आम्ही प्रत्येक स्लॅबला फायर सीलंटनं बंद केलेला, त्यामुळं धूर वर चढला नाही, माणसं जिन्यानं उतरली आणि वहीतल्या नावांनी मोजली गेली. बंब येईपर्यंत आग विझलेली. त्यानंतर शेजारच्या सोसायट्यांचे फोन यायला लागले, जाहिरात आम्ही कधीच केली नव्हती.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात आग लागून १० बाळं गेली. त्या आठवड्यात आमच्याकडं हॉस्पिटलांचे फोन सुरू झाले, आणि त्यातल्या काहींना मागच्या तारखेचं सर्टिफिकेट हवं होतं. बाळं गेल्यावर सुद्धा. एकालाही दिलं नाही. ज्यांनी तपासणी करू दिली त्यांचं काम उधारीवर सुद्धा केलं.

सांगतोच आहे तर हेही ऐका. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असला तरी आत पावडर बसलेली असू शकते, महिन्यातून एकदा उलटा करून हलवा. सीओटूला काटा नसतो, त्याचं वजन करावं लागतं. स्प्रिंकलरचा लाल बल्ब ६८ डिग्रीला फुटतो, पेंटरनं त्यावर रंग मारला तर तो वेळेवर फुटेल याची खात्री नाही, रंग पुसून चालत नाही, हेड बदला. फायर डोअरला वीट लावून उघडं ठेवू नका, धूर त्यातूनच जिन्यात शिरतो. आणि जिन्यातले चपलांचे स्टँड काढा, भांडण झालं तरी काढा.

आता भाचा नागपूरला फायरचा सब ऑफिसरचा कोर्स करून आलाय, मॉक ड्रिल तोच घेतो. नवीन ग्रूव्हिंग मशीन घेतलं. बिल्डरची केस कोर्टात आहे. जुलैचे फॉर्म बी सुरू होतायत, फोन करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, आम्ही रेट फोनवर सांगत नाही, आधी पंप रूम बघतो.