आवाज फाटत नव्हता, गाणंच तसं होतं

मी सावंतवाडीचा, साउंडच्या लाईनीत 14 वर्षं झाली, सीझनला जास्त काम गोव्यातल्या मोरजीला कारण तिकडे रशियन लोक खूप उतरतात. मागच्या डिसेंबरात एका शॅकवर सेंट पीटर्सबर्गचा एक पोरगा डीजे म्हणून आला, साउंडचेकला पहिलं गाणं लावलं आणि माझा हात सरळ गेनवर, म्हणजे मिक्सरमध्ये येणारा आवाज कमीजास्त करायच्या बटणावर, गेला कारण आवाज फाटत होता. गेन खाली घेतला तरी फाटतोय, केबल बदलली, चॅनल बदलला, मिक्सरवर ओव्हरलोडची एक लाल लाईट नाही आणि बेस नुसता घरघरतोय. तो म्हणाला, गाणंच असं आहे. आमचा हेल्पर मागून म्हणतो, "दादा, ह्येका फोंक म्हणतत, रीलात गाडयो ड्रिफ्ट मारतत ना, तां ह्यां."

मग त्या पोराने सांगितलं, ह्या फोंकचा मूळ माल अमेरिकेतल्या मेम्फिसचा, 90 च्या दशकातल्या रॅपच्या कॅसेटी. रशियन पोरांनी घरात कॉम्प्युटरवर बसून त्याला वेग दिला, बेस मुद्दाम फाडला आणि रोलँड कंपनीच्या 1980 च्या 808 ड्रम मशीनमधली काऊबेल, ती गुरांच्या घंटेसारखी टणटण, तिच्यावरच चाल वाजवली.

तेवढ्यात सबचा, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरांचा, अँप तापून प्रोटेक्टला गेला, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडला, कारण असल्या गाण्यात बेसला उसंतच नसते, अँपला श्वास घ्यायला जागा नाही. 18 इंची चारही सब गप्प. अँप गार होईपर्यंत त्याने तेच गाणं फोनवर लावून टेबलावर ठेवलं, आणि बेस ऐकू आला! फोनचा स्पीकर नखाएवढा, त्यातून 50 हर्ट्झचा खोल बेस निघणं शक्यच नाही. पण बेस फाडला की त्याच्यावर 100, 150, 200 असे सूर चढत जातात, त्यातले वरचे फोन वाजवतो आणि खालचा 50 आपला कान स्वतःच भरून घेतो. साधा, न फाडलेला गोल बेस फोनवर गायब होतो, हा होत नाही, म्हणूनच असेल, हे संगीत फोनाफोनातून गावागावात पोचलं. 14 वर्षं मी फाटलेला आवाज म्हणजे चूक एवढंच धरून चाललो होतो, त्या पोरांबद्दल मला मनापासून आदर वाटला.

आवाजाला वरची मर्यादा घालणारा लिमिटर खाली ओढला, रात्री 10 ला बंद होईपर्यंत अँप टिकला. परत येताना बांद्याच्या चढावर टेम्पो दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत होता, हेल्परच्या मांडीवर फोन, आणि इंजिनच्या आवाजातूनही तो बेस येतच होता.