कोऱ्या डीव्हीडीवरचा आळ

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं आणि इथल्या वकिलांची मुंबईची खेप वाचली. आम्हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडं मात्र त्यातनं एक विसरलेलं काम परत आलं, डीव्हीडी रायटरचं. सीसीटीव्हीचं फुटेज द्यायचं तर माझे बरेचसे वकील गिऱ्हाईक अजून डीव्हीडीच पसंत करतात. एकदा लिहिली की तिच्यातलं कुणाला बदलता येत नाही. पेन ड्राइव्ह म्हटला की समोरचा वकील शंका काढायला मोकळा.

शाहूपुरीतल्या एका वकील मॅडमचा फोन आला तेव्हा दुपार कलली होती. “दादा, डीव्हीडी राईटच होईना. उद्या फाइलिंग आहे.” मागनं त्यांच्या कारकून अण्णांचा आवाज, “लिनक्स टाकलंय न्हवं, मग दुसरं काय हुणार!” त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट मीच टाकून दिलेलं, त्यामुळं टोला कुणाला होता ते कळलं.

ऑफिसात गेलो तर टेबलावर वाया गेलेल्या डिस्कची चळत. अण्णांनी डिस्कची कंपनी बदलून पाहिली होती, स्पीड कमी करून पाहिला होता. शेवटी शेजारच्या वकिलांच्या विंडोज लॅपटॉपला तोच रायटर लावून एक नमुना डिस्क काढून आणली होती, आणि ती निघाली होती. त्यांच्या दृष्टीनं खटला तिथंच संपला. मला तसं वाटलं नाही. लॅपटॉपवर दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, विंडोज आणि यूएसबीचं पोर्ट. अण्णांनी त्यातली एकच धरली.

डिस्क लिहिणाऱ्या के-थ्री-बी या प्रोग्रामची खिडकी नुसतं ‘राईट करताना चूक झाली’ एवढंच सांगते. खरा मजकूर तिच्या डीबगिंग आउटपुटमध्ये असतो, आणि तो उघडायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही. तिथं ओळ होती: परफॉर्म ओपीसी फेल्ड, एसके ३एच, एएससी ७३एच, एएससीक्यू ०३एच. पहिला आकडा मीडियाला, म्हणजे डिस्कला, दोष देतो. उरलेले दोन मिळून म्हणतात, पॉवर कॅलिब्रेशन एरियात गडबड. लिहायला लागण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या कडेच्या राखीव जागेत लेझर कमीजास्त करून बघतो आणि या डिस्कला किती जोर लावायचा ते ठरवतो. ही चाचणीच फसत होती. कोड वाचून कुणीही म्हणेल, डिस्क खराब. पण तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोऱ्या डिस्क एकाच दिवशी खराब निघतील, हे काही पटेना.

टर्मिनलमध्ये डी-मेसेज, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची (कर्नलची) नोंदवही, चालू ठेवून आणखी एक डिस्क घातली. डिस्क फिरली, दिवा लुकलुकला, आणि ऐन चाचणीच्या वेळी कर्नलची ओळ आली: यूएसबी डिव्हाइस रिसेट. मागोमाग के-थ्री-बीची तीच रड. म्हणजे रायटर मधेच गतप्राण होत होता आणि नाव डिस्कचं होत होतं.

मग वायर हातात धरून मागं मागं गेलो. ती सरळ कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला जात असणार असं सगळे धरून चालले होते. पण वायर ड्रॉवरच्या मागनं टेबलाखाली वळली होती. वाकून मोबाइलचा टॉर्च मारला तर फळीच्या खालच्या अंगाला दुहेरी टेपनं चिकटवलेला चार तोंडांचा हब! त्यात की-बोर्ड, माउस, मॅडमचा डिजिटल सहीचा टोकन आणि आपला रायटर. हबला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नव्हता. यूएसबी २ च्या एका पोर्टचे जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, तेच सगळ्यांनी वाटून घ्यायचे. मोटर फिरत असताना लेझर लिहायच्या ताकदीनं पेटला की पातळ रायटर क्षणभर त्याहून जास्त ओढतो. शेतात मोटर चालू केली की घरातले दिवे मंदावतात, तसलाच प्रकार. वाचताना लेझरला फार कमी लागतं, म्हणून याच रायटरवर जुन्या निकालांच्या सीड्या खुशाल उघडत होत्या आणि त्याच्यावर कुणाचा संशय जात नव्हता.

रायटर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावला. नमुन्यादाखल चार फोटो डिस्कवर टाकले. लिनक्स तेच, डिस्क त्याच गठ्ठ्यातली, आणि पहिल्या दमात निघाली. अण्णा काही बोलले नाहीत, चहा सांगायला गेले.

पण खरी फाइल अजून बाकी होती आणि तिनं वेगळंच अडवलं. फुटेज एकाच सलग फाइलमध्ये, ४ जीबीच्या थोडं वर. डीव्हीडीवर ४७० कोटी बाइट मावतात, तेव्हा जागेचा प्रश्न नव्हता. प्रश्न डिस्कवर फाइली रचायच्या आयएसओ ९६६० या जुन्या मांडणीचा. तिच्यात एका तुकड्याची लांबी ३२ बिटांत लिहितात, त्यामुळं ४ जीबीशी गाडं अडतं. अण्णांनी लगेच सुचवलं, “दोन तुकडं करा की, न्हाईतर कन्व्हर्ट करून बारीक करा.”

इथं मी आणि मॅडम एकदमच “नाही” म्हणालो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी बोटाच्या ठशासारखी खूण, लिहावी लागते. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ बी च्या वेळी तसा रकाना नव्हता. मॅडमनी मूळ फाइलची शा-२५६ हॅश आधीच काढून टाइप करून ठेवली होती. फाइल कापली किंवा कन्व्हर्ट केली की हॅश बदलली, आणि समोरच्याला आयताच मुद्दा मिळाला.

तेव्हा जेन-आयसो-इमेज या प्रोग्रामला यूडीएफ ही दुसरी मांडणी आणि मोठी फाइल चालवून घ्यायचा पर्याय देऊन इमेज, म्हणजे डिस्कवर उतरवायचा तयार साचा, बनवली. विंडोजलाही यूडीएफ वाचता येतं, म्हणजे कोर्टातल्या मशीनवर अडचण नाही. यात एक खाच आहे. असली डिस्क आयएसओ म्हणून माउंट झाली, म्हणजे उघडली गेली, तर तीच फाइल तोकडी दिसते, म्हणून तपासताना यूडीएफ असं स्पष्ट सांगून माउंट करायची. शिवाय हॅश डिस्कवरच्या फाइलची काढायची, अख्ख्या डिस्कची नव्हे. डीव्हीडीवर लिहिणं ३२ केबीच्या गठ्ठ्यांनी होतं, शेवटचा गठ्ठा शून्यांनी भरला जातो आणि इमेजशी ताळा जमत नाही. चांगली डिस्क याच कारणानं कचऱ्यात गेलेली मी पाहिली आहे.

डिस्क निघाली. बाहेर काढून परत घातली, म्हणजे कॅशमधलं, कॉम्प्युटरनं आधीच लक्षात ठेवलेलं काही वाचलं जायला नको. हॅश स्क्रीनवर आली तशी मॅडम प्रमाणपत्रावरून चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं मोठ्यानं वाचायला लागल्या आणि अण्णा चष्मा कपाळावर सारून स्क्रीनवर बोट फिरवत “हाय... हाय... फुडं” म्हणत राहिले. जुळली. दुसरी प्रत काढली, तिचीही तशीच जुळली. अण्णा बॉलपेननं डिस्कवर केस नंबर घालायला निघाले होते; त्यांच्या हातात मार्कर दिला.

निघताना मॅडमनी विचारलं, “नवा रायटर घ्यायचा का मग?” म्हटलं, रायटर ठणठणीत आहे, त्याची वायर तेवढी परत टेबलाखाली जाऊ देऊ नका. आणि डीबगिंग आउटपुट कुठं उघडायचं ते अण्णांना दाखवून ठेवलं.