इटलीच्या नावावर

ॲक्सिलरेटरची केबल चटका देण्याइतकी तापते हे मला वीस वर्षं गॅरेजमध्ये पाने फिरवून झाल्यावर कळलं, तेही बोटाला फोड आला तेव्हा. गाडी माझीच होती.

माझी गाडी इटालियन. जुनी, कार्बोरेटरवाली, आणि इतकी देखणी की रस्त्यात बंद पडली तरी लोक आधी फोटो काढतात, मग धक्का मारतात. मेकॅनिकने असली गाडी बाळगावीच का, हे गॅरेजमध्ये सगळ्यांनी विचारून झालंय. कंपनीचं नाव सांगत नाही. तिची पुरेशी बदनामी माझ्या हातून आधीच झालीय.

त्या सकाळी ती गॅरेजच्या दारातच आडवी पडली. आत दोन गाड्या अडकल्या, बाहेर टोचन करून आणलेली एक खोळंबली. सेल्फ मारला की इंजिन दम्याच्या पेशंटसारखं दोनदा धापा टाकायचं आणि थांबायचं. अण्णा (गॅरेज त्यांचं) हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "इटलीवाले डिझाइन जीव ओतून करतात. वायरिंगच्या वेळेपर्यंत जीव शिल्लक राहत नाही."

मग धक्क्याबरोबर विनोदही सुरू झाले. हे आमचं रोजचं पारायण. रशियाच्या लाडा गाडीच्या मागच्या काचेला हीटर कशाला? धक्का मारताना हात गारठू नयेत म्हणून. पूर्व जर्मनीच्या ट्राबांटची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी फुल करून. ब्रिटिश गाड्यांमधल्या लुकास कंपनीच्या दिव्यांना तीन खटके असतात : बंद, मंद आणि लुकलुक. आणि ब्रिटिश इंजिनाखाली ऑइलचा डाग दिसला नाही तर घाबरायचं, म्हणजे आतलं ऑइल संपलं. जर्मन गाडीचा बल्ब गेला? बंपर उतरवा. जपान्यांवर मात्र कुणाला काही सुचत नाही. गाडी बंदच पडत नाही तर बोलणार काय!

मी पण या पारायणात वर्षानुवर्षं टाळ वाजवलेत. खरं तर नीट बघायला गेलं तर यातले निम्मे विनोद पत्ता चुकलेले आहेत. लाडा मुळात फियाट 124. ती 1970 पासून सोव्हिएत संघात तोल्याती नावाच्या शहरात बनायला लागली, आणि त्या शहराचं नावसुद्धा एका इटालियन कम्युनिस्ट पुढाऱ्याचं. रशियनांनी पत्रा जाड केला, मागच्या डिस्क काढून ड्रम बसवले. मग तो काचेचा विनोद नक्की कुणाच्या खात्यावर घालायचा? आणि जपानी? टोयोटाने 1958 मध्ये अमेरिकेत टोयोपेट क्राउन विकायला काढली, तर तिथल्या हायवेवर तिला धाप लागायची. दोन-तीन वर्षांत तिची विक्री थांबवावी लागली. तेव्हाच्या गॅरेजांमध्ये जपानवर काय काय बोललं गेलं असेल!

हे मी धक्का मारता मारता अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी ढकल."

गाडी कडेला लागली. आमचा हेल्पर पोरगा सीटवर बसला, मी बॉनेट उघडून वाकलो. गेल्या आठ महिन्यांत या गाडीच्या तीन ॲक्सिलरेटर केबल गेल्या होत्या. दर वेळी तीच तक्रार, पेडल चिकटतं. दर वेळी मी नवी टाकली आणि "इटालियन माल" म्हणून जुनी फेकली. गिऱ्हाइकाची गाडी असती तर दुसऱ्याच केबलला मी विचारलं असतं की बाबा, का जातेय? स्वतःच्या गाडीला कोण विचारतो.

"मार सेल्फ," म्हटलं आणि चिकटलीय का बघायला केबल चिमटीत धरली.

हात झटकून मागे आलो तेव्हा प्लास्टिक जळल्याचा वास आला. केबलचं काळं आवरण कार्बोरेटरजवळ मऊ होऊन चकाकत होतं, आणि त्यातून बारीक धूर. इंजिन तर थंडगार. सुरूच झालं नव्हतं!

पोरगा उतरून बघायला आला. "दादा, ही तर नुसती ओढायची तार. हिच्यात करंट कुठून आला?"

तिथे माझी ट्यूब पेटली. मल्टिमीटर घेतला. बॅटरी 12.6 व्होल्ट, ठणठणीत. एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावली आणि परत सेल्फ मारायला सांगितला. दोन्ही बाजू अर्थिंगच (करंट परत जायची वाट), म्हणजे सेल्फ फिरताना काटा जेमतेम हलायला हवा, पाव व्होल्ट म्हणजे डोक्यावरून पाणी. आला 4.1.

म्हणजे इंजिनाला अर्थिंगच नव्हतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, बॉडीपासून तसं सुटंच. त्याला बॉडीशी जोडते ती तांब्याची विणलेली पट्टी. ती नसली तर सेल्फचा करंट परत जायला मिळेल ती वाट धरतो : चोकची तार, स्पीडोमीटरची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. शंभर अँपिअर धरले तरी चार व्होल्टला चारशे वॅट झाले. बोटभर जाडीच्या पट्टीचं काम ब्रेकच्या तारेएवढ्या तारेने आठ महिने केलं. तीन केबल गेल्या यात नवल नाही, तीनच गेल्या यात आहे.

जंपर केबलचं एक टोक ब्लॉकला, दुसरं मायनसला लावलं. अर्ध्या सेल्फला गाडी सुरू. अण्णा आतून ओरडले, "कुणाची गाडी लागली रे ती?"

पट्टी गेली कुठे, हे शोधायला मला गाडीखाली जावं लागलं नाही. जसजसं आठवत गेलं तसतसं तोंड वाळत गेलं. पट्टी या गाडीत गिअरबॉक्सच्या बोल्टखाली असते. गिअरबॉक्स आठ महिन्यांपूर्वी उतरवला होता, क्लच प्लेट बदलायला, रात्री उशिरा, घाईत. उतरवणारा मी, चढवणारा मी.

आमच्याकडे उरलेल्या नट-बोल्टांचा एक पत्र्याचा डबा आहे. गाडी जोडून झाल्यावर चार नग उरले की "कंपनीने जास्तच लावले होते" म्हणून त्यात टाकायचे. पोरग्याने तो जमिनीवर पालथा केला. वीतभर पट्टी, दोन्ही टोकांना भोकं, गिअर ऑइलने काळी झालेली. त्याने ती उचलून माझ्यासमोर धरली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "दादा, ही कुठल्या देशाची?"

मी काही बोललो नाही. टोकं एमरी पेपरने घासली, बॉडीवरचा गंज खरवडला, बोल्ट कसला. परत मोजलं : 0.1. चौथी केबल टाकली. आठ महिन्यांत बदललेली एक बॅटरी पण मनातल्या मनात इटलीच्या खात्यातून माझ्या खात्यात वळती केली.

पंधरा दिवसांनी गाडीचे वायपर अर्ध्यावर थांबले. अण्णांनी "इट..." एवढं म्हटलं असेल, तेवढ्यात पोरगा मल्टिमीटर घेऊन पळत आला आणि सगळ्यांसमोर विचारता झाला, "दादा, वायपरला शेवटचा हात कुणी लावला होता?"

मी फ्यूज बॉक्सचं झाकण उघडलं आणि आत फार लक्ष देऊन बघायला लागलो.