माळकरी घरातली नास्तिक सून

देव न मानता माळकरी सासरी कसं जमतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न वारीच्या दिवसांत मला ठरलेलाच असतो. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला आली की आमच्या अंगणात एक दिंडी उतरते. भाकरी थापताना त्यातली एखादी बाई विचारतेच. शाळेतल्या सहकारी विचारतात. नवऱ्याच्या मावश्या तर माझ्यादेखत सासूबाईंना विचारतात, "ही देव मानत नाही, मग तुमचं घरात जमतं कसं गं?" मला विचारणाऱ्यांच्या आवाजात कुतूहल असतं, सासूबाईंना विचारणाऱ्यांच्या आवाजात कणव.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, देव आहे की नाही यावरून आमच्या घरात आजवर भांडण झालेलं नाही. बाकी बऱ्याच गोष्टींवरून झालंय.

सासूबाई माळकरी. दोन्ही पंधरवड्यांतल्या एकादश्या, संध्याकाळी हरिपाठ, जमेल त्या वर्षी निदान वाखरीपर्यंत तरी वारी. मी लग्नाआधीच सांगितलं होतं की मी पूजा करणार नाही आणि पूजेला बसणारही नाही. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. त्यानंतर घरी सत्यनारायण घातला. पूजेला मेहूण लागतं, तिथे थोरले दीर आणि जाऊबाई बसल्या. मी सव्वाच्या मापाचा शिरा भाजला. तो चांगला झाला होता, हे सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. त्यात थोडं कौतुक असतं आणि थोडी हळहळ, की एवढ्या चांगल्या हाताची सून आणि तिला कशातच काही दिसत नाही.

तेव्हापासून जे चालत आलंय ते असं. सणाचा स्वयंपाक मी करते, नैवेद्याचं ताटही वाढते, पण नैवेद्य दाखवायचं काम सासूबाईंचं. प्रसाद खाते. गणपतीच्या आरतीला झांज वाजवते, कारण घरात ठेका धरता येणारी मी एकटीच आहे. माझ्या काही नास्तिक मित्रांना हे चालत नाही. त्यांच्या मते मी दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी आहे. मला तसं वाटत नाही. शिऱ्यानं कुणाचं नुकसान होत नाही, झांजेनंही नाही. आरतीत मी देवाला काही मागत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे फसवणूकही नाही.

नुकसान होतं तिथे मी भांडते. पहिलं भांडण पाळीचं. या घरात चार दिवस बाजूला बसायची पद्धत होती. मी बसले नाही. पाणी भरलं, कणीक मळली, सगळीकडे हात लावला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त त्या चार दिवसांत माझ्या हातचं जेवणं त्यांनी सोडलं. स्वतःपुरता भात टाकायच्या. काही वर्षं दर महिन्याला आमच्या ओट्यावर दोन कुकर चढायचे. मी त्यांना जीवशास्त्र समजावून पाहिलं, मासिकांतली कात्रणं दाखवली. त्या ऐकून घ्यायच्या, म्हणायच्या, "तुझं खरं असेल, पण मला नाही चालत." यापुढे वाद कसा घालणार?

मग माझ्या मुलीला पाळी आली आणि दोन कुकरांवर भागणारं प्रकरण उरलं नाही. मी निक्षून सांगितलं की ती देवघरासकट सगळ्या घरात फिरेल. आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. त्याच सुमारास गावात सप्ताह चालू होता. एका रात्री कीर्तनकारांनी निरूपणाला सोयराबाईंचा अभंग घेतला. सोयराबाई म्हणजे चोखोबांच्या पत्नी, चौदाव्या शतकातल्या. विटाळ देहातच जन्मतो, मग त्यातून सुटून सोवळा झालेला कोण, असं त्या अभंगात विचारतात. सासूबाई घरी आल्या त्या गप्पच. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला देवघरातल्या समईत तेल घालायला सांगितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. मी इतकी वर्षं जे सांगत होते ते सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या एका बाईनं एका रात्रीत पटवलं. पण त्यातून मला एक कळलं, की सासूबाईंना बदलायला माझ्याकडे यावं लागलं नाही. त्यांच्याच परंपरेत दार होतं. मी उगाच भिंतीवर धडका मारत होते.

नास्तिक मंडळींत हा मुद्दा जुना आहे. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर गावोगाव एकाच व्यासपीठावर बसून याच विषयावर वाद घालायचे. लागूंचं म्हणणं सरळ होतं: देव हीच मुळातली अंधश्रद्धा, तिला हात न लावता बाकीच्या अंधश्रद्धा काढायला निघणं व्यर्थ आहे. दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका म्हणून सांगायचे की ज्याचा देव त्याला राहू द्या, आमचा विरोध देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. संतांची आणि समाजसुधारकांची परंपरा ते आपली मानायचे. विचार म्हणून मला लागूंचं पटतं. पण मी ज्या घरात राहते तिथे दाभोलकरांच्याच वाटेनं पुढे जाता येतं. नाहीतर माझी मुलगी अजून देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी असती.

दाभोलकरांना ही भूमिका किती महाग पडली ते तुम्हाला माहीत आहेच. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले. या कायद्यानं वारी बंद होईल, कीर्तनं बंद होतील, अशी भीती पसरवली गेली होती आणि वारकऱ्यांच्या काही संघटनाही विरोधात उभ्या होत्या. ती भीती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली होती. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मी त्याची प्रत आणून सासूबाईंना वाचून दाखवली. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली उपासना यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. एवढंच काय, ज्योतिषांना आणि नंदीबैलवाल्यांनाही त्यातून सूट आहे. (ज्योतिषांना दिलेली सूट मला खटकते. नंदीबैलवाल्यांबद्दल तक्रार नाही.) सासूबाई म्हणाल्या, "मग हे आधी कुणी का नाही सांगितलं?" सांगितलं होतं. ते सांगणाऱ्याला मारलं होतं. त्या खटल्यात मे 2024 मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

म्हणून 'दोन्ही बाजूंनी समजून घ्यावं' असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होते. समजून घ्यावंच, पण दोन्ही पारडी सारखी भरलेली नाहीत. तीर्थ नाकारणाऱ्याला उद्धट म्हणतात. ते आग्रहानं हातावर घालणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. मी शाळेत गणित शिकवते. प्रार्थनेला शांत उभी राहते, हात जोडत नाही. आमच्याकडे त्यावरून कुणी काही बोललं नाही. नाशिकच्या एका शिक्षकाला मात्र प्रार्थनेच्या वेळी हात न जोडल्याबद्दल वरची वेतनश्रेणी नाकारली गेली आणि त्यासाठी त्याला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. 2013 मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म पाळण्याच्या आणि त्याचा प्रसार करण्याच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं. पण स्टाफरूममध्ये पंचविसावा अनुच्छेद कोण काढून बसणार?

दुसरीकडे आमची नास्तिक माणसंही काही कमी नाहीत. गांधींनी आत्मकथेत एक प्रसंग लिहिलाय. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ हे गाजलेले निरीश्वरवादी वारले. गांधी तेव्हा लंडनला बॅरिस्टरीचं शिकत होते, ते अंत्यविधीला गेले. परतताना स्टेशनवर एका नास्तिकानं तिथल्या एका पाद्र्याला गाठलं. पृथ्वीचा घेर कबूल करून घेतला आणि विचारलं, आता सांगा, तुमच्या देवाचं आकारमान काय आणि तो असतो कुठे? पाद्री म्हणाला, समजून घेतलं तर तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे. त्यावर या गृहस्थानं, मला लहान मूल समजू नका, असं म्हणत जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. पाद्री गप्प राहिला. गांधी लिहितात की या संवादानं नास्तिकतेबद्दलची त्यांची नावड आणखी वाढली. असले गृहस्थ मी भरपूर पाहिलेत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या आजोबांना 'तुमचा देव कुठे राहतो' विचारून वर हसणारे. आजोबा गप्प बसतात, याला वाटतं आपण जिंकलो.

तेच गांधी पुढे काय करतात पाहा. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, पक्के नास्तिक. अस्पृश्यतेविरुद्ध काम करायचे. 1944 मध्ये ते आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन गांधींना भेटले आणि दोघांत स्नेह जमला. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं, तेव्हा गांधींनी ते सेवाग्रामातच लावायचं ठरवलं. पण आश्रमातला विवाहविधी ईश्वराला स्मरून व्हायचा आणि गोरांना ईश्वर चालणार नव्हता. रामनामावर जगणारे गांधी म्हणाले, तिथे 'ईश्वर' ऐवजी 'सत्य' म्हणू. लग्नाआधीच गांधींची हत्या झाली. मार्च 1948 मध्ये ते लग्न आश्रमातच लागलं, ठरलं होतं तसंच, सत्याला स्मरून.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण इथे सरकून जागा करून दिली ती आस्तिकानं. आणि तीही देवाच्या नावाच्या जागी. नेहमी उलटं होतं. नास्तिकानं जरा मिळतं घ्यायचं, नारळ फोडायचा, 'एवढ्यानं काय बिघडतं' ऐकून घ्यायचं. काही बिघडत नसेल तर कधी त्यांनीही सोडून पाहावं की!

आमच्या घरात ते थोडंफार झालंय. धाकट्या दिरांच्या नव्या दुकानाच्या पूजेला मला बोलावताना सासूबाई आता "चहाच्या वेळेला ये" असं सांगतात. मुलीची पत्रिका करायची नाही, हे मी तिच्या जन्मालाच सांगितलं होतं. त्यावर त्या बराच काळ नाराज होत्या. तिला बरं वाटत नसलं की गुपचूप दृष्ट काढतात. मिरच्यांचा ठसका लागतो तेव्हा मला कळतं. मी खिडकी उघडते आणि तिला डॉक्टरकडे नेते. डॉक्टरकडे नेताना त्यांनी अडवलं असतं, तर मात्र मी खिडकी उघडून थांबले नसते.

सध्या आमची चर्चा मरणावर चालू आहे. सासूबाईंनी आपल्या मागे काय करायचं ते मुलांना सांगण्याऐवजी मला सांगितलंय. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरं विसरतील, तू लिहून ठेवशील." मी लिहून ठेवलंय: राख चंद्रभागेत सोडायची, दशक्रिया नीट करायची, तेराव्याला कीर्तन ठेवायचं, जेवण साधं पण पिठलं-भाकरी नको, लोक हसतात. हे सगळं मी करणार आहे. मला त्यात काही अर्थ दिसत नाही. पण मरण त्यांचं आहे, माझं नाही.

माझा देहदानाचा अर्ज भरून तयार आहे. त्यावर नवऱ्याची सही आहे, कुरकुर करत केलेली. पण नुसत्या अर्जावर काही होत नाही. ऐन वेळी घरच्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाला कळवलं आणि देह ताब्यात दिला तरच दान होतं. म्हणजे माझी शेवटची इच्छा आस्तिकांच्या हातात आणि सासूबाईंची माझ्या. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मी आधी जाणार आहे, मला त्यात ओढू नकोस." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या कॉलेजवाल्यांना सांग, तुझ्यासाठी फोन करायला मी असले तर करीन."

त्यांच्या तेराव्याच्या कीर्तनाला कोण, हे मात्र अडलंय. मी सोयराबाईंच्या अभंगावर बोललेल्या त्या कीर्तनकारांचं नाव सुचवलं. सासूबाईंना ते मान्य नाही. त्यांचं म्हणणं, निरूपण बरं करतात, पण आवाज बसका आहे.