जागेचं नाव लिहीत नाही

रविवार, रात्र

जळू चावलेली जागा अजून खाजतेय. मामानं निघतानाच मिठाची पुरचुंडी खिशात टाकली होती. मी शहाणपणा करून लांब मोज्यांवर भागवलं.

सकाळी आधी आमच्या गोव्यातल्या तांबडी सुर्लच्या महादेवाचं दर्शन. कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं हे देऊळ मी किती वेळा पाहिलंय, तरी मंडपात नंदीपाशी पाय थबकतोच. त्याला शिर नाही. चांदरच्या उत्खननातल्या नंदीलाही नाही. आमच्या जांभ्यात असली नाजूक कमळं उमटायची नाहीत, म्हणून काळा दगड घाटापलीकडून आणलेला. खांबाच्या पायथ्याशी हत्ती घोड्याला तुडवतोय, तो मला दरवेळी नव्यानं शोधावा लागतो. आज एक मुलगा नंदीच्या पाठीवर गॉगल ठेवून फोटो काढत होता. आई त्याची बाजूलाच, डोळे मिटून, हात जोडून.

मग मामानं सत्तरी तालुक्यातल्या त्या जागी नेलं. नाव लिहीत नाही, उद्या तिथंही गॉगल पोचायचा. रान दाट झालं तशी मामानं वहाणा काढल्या आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझेही मोजे गेले.

देऊळ म्हणायला जांभ्याचा ढासळलेला चौथरा, त्यात घुसलेली मुळं. एका दगडावर गजलक्ष्मी, डावीकडच्या हत्तीची सोंड तुटलेली. गावाच्या लेखी ती केळबाय देवी. शेजारी वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. खाली लढाई, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो वीर, त्याच्यावर चंद्रसूर्य. मधला, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरांचा पट्टा मात्र शेवाळानं गिळलेला. मी बसले आणि काटकीनं शेवाळ खरवडायला लागले.

"बाय, राहू दे गो."

कॉलेजात असताना अशाच एका दगडाच्या खाचांत मी खडू घासला होता, फोटोत नक्षी उठावी म्हणून. फोटोचं कौतुक झालं. पुढच्या वर्षी गेले तर पांढरं तसंच. हे मामाला कधी सांगितलेलं नाही, आजही नाही.

त्यानं माझा मोबाईल घेतला, बॅटरी लावली आणि दगडाला जवळजवळ टेकवून एका कडेनं उजेड पाडला. शेवाळाखालून एक कोपर वर आलं, मग कमरेची वळणं, मग दुसरी अप्सरा. मी फोटो काढायचा विसरले. मोबाईल त्याच्याच हातात होता म्हणा.

निघताना त्यानं विडा ठेवून गाऱ्हाणं घातलं: तुझ्या रानात आलो, चुकलंमाकलं पोटात घाल. मी खाली बघितलं तर घोट्याला दोन जळवा, टम्म फुगलेल्या. मीठ मागितलं.

"वाटेवर गेल्यावर," मामा म्हणाला. "इथं नको."