राज्यशास्त्राच्या वर्गासाठी पोल: मत नको, हिशेब विचारा

पदवीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पक्षांतर योग्य की अयोग्य?’ असा पोल टाकला, की चार बोलकी मुले भांडतात, बाकीची गप्प. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी काय निवडले ते नावानिशी दिसते, आणि गोव्यातले मतदारसंघ एवढे लहान, की आमदाराची घरात ओळख निघतेच. कोण कशाला नाव लावून घेईल?

म्हणून मी विषय तोच ठेवतो, प्रश्न बदलतो. जुलै 2019मध्ये काँग्रेसचे 15पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर 2022मध्ये 11पैकी 8. मी विचारतो: 11 आमदारांच्या गटात किमान किती जण असले तर विलीनीकरणाचा बचाव, म्हणजे दुसऱ्या पक्षात विलीन झालो असे सांगून अपात्रता टाळणे, घेता येतो? पर्याय 4, 6, 7, 8. इथे चुकीची उत्तरेच कामाची. 4 निवडणाऱ्याने जुन्या गाईडमधला, एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता नाही, हा नियम वाचलेला असतो. तो 2003च्या 91व्या घटनादुरुस्तीने गेला. 6वाला साधे बहुमत धरतो. 7वाल्याला विलीनीकरणाची दोन तृतीयांशाची अट माहीत असते, पण 7.33चे तो 7 करतो. बरोबर उत्तर 8. मग 15मधून नेमके 10च का गेले, हे मुलेच सांगतात.

पोल संध्याकाळी टाकावा, सोबत राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातल्या (पक्षांतरबंदी कायद्यातल्या) चौथ्या, विलीनीकरणाच्या परिच्छेदाचा फोटो. अख्ख्या राज्यघटनेची पीडीएफ कोणी उघडत नाही. उत्तर फोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचाच, कारण पोलमधले मत नंतर बदलता येते आणि सगळे गुपचूप 8वर सरकतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात काही टाकू नये, ग्रुपवर फक्त माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे, फोटो येतात.

मतच हवे असेल तर गूगल फॉर्म, ईमेल गोळा करणे बंद ठेवून. ‘एकदाच उत्तर’ हे सेटिंग लॉगिन मागते. नाव नोंदले जात नसले तरी मुलांचा विश्वास उडतो. त्यापेक्षा दोन-चार दुबार उत्तरे परवडली. इन्स्टाग्रामची स्टोरी 24 तासांत जाते, आठवण करून द्यायला ठीक, चर्चेला नाही.

ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, मुलींना ते बऱ्याचदा नको असते. संमती आधी घ्यावी. जी ग्रुपमध्ये येणार नाहीत त्यांच्यासाठी तोच प्रश्न नोटीस बोर्डावर लावावा, आणि पोलला गुण ठेवू नयेत. ठेवले की उत्तरांची कॉपी सुरू होते.